स्वमग्न मुलांची झोप: पुण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांची बैठक थेरपीवरून सुरू होते, शाळाप्रवेशावर रेंगाळते आणि शेवटी हमखास झोपेवर येते. खालचे प्रश्न अशा बैठकांमधलेच आहेत. औषध कोणतं, किती आणि तपासण्या कोणत्या हे तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्याकडे जाण्याआधीची तयारी म्हणून हे वाचा.

झोप न येणं हा ऑटिझमचाच भाग ना? मग सोसायचंच, दुसरं काय?

सोसायचं कशाला? ऑटिझम असलेल्या 50 ते 80 टक्के मुलांना झोपेची तक्रार असते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. इतर मुलांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे, म्हणून डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे 'ही मुलं अशीच' म्हणून मोकळे होतात. पण तक्रार सर्रास आढळते म्हणून तिच्यावर इलाज नसतो असं थोडंच आहे! झोपेसाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्या. स्पीच थेरपी आणि ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी यांबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर दारातून निघताना 'आणि हो डॉक्टर, हा झोपतच नाही' म्हटलं, की उत्तरही दारातलंच मिळतं.

आणखी एक. झोप कमी झालेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं पेंगत बसत नाही. ते जास्त धावतं, चिडतं, हात चावतं, थेरपीत दोन मिनिटं बसत नाही. दिवसाच्या वागण्याबद्दल औषध वाढवण्याचा विषय निघाला, तर आधी रात्रीचा हिशोब मांडा.

किती तास झोप पुरेशी?

3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, आणि 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास. आठ तास झोपून दिवसभर खुशीत असणारं सहा वर्षांचं मूलही असतं. आकड्यापेक्षा दिवस कसा जातो ते पाहा.

दिवसभर उड्या मारून दमलेला असतो, तरी झोप का येत नाही?

शरीर दमलं म्हणून झोप येतेच असं नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांमध्ये हे मेलाटोनिन कमी बनतं किंवा उशिरा सुटतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झालेले असतात, मुलाच्या शरीरात अजून संध्याकाळच असते.

त्यात संवेदनांची भर. टीशर्टच्या मानेला टोचणारं लेबल, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, पडद्याच्या फटीतून येणारी रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप. आपल्या हे लक्षातही येत नाही, त्यांना मात्र ते सोडत नाही. बोलणाऱ्या मुलांची काळजी शब्दांत बाहेर पडते: उद्या बसला तेच काका असतील का, हे दहा वेळा विचारून होतं. न बोलणारं मूल तीच काळजी गादीवर उड्या मारून सांगतं. बाकीची मुलं घरातल्या हालचालींवरून झोपेची वेळ ओळखतात: दिवे मालवले, आजोबा आडवे झाले, आवाज खाली आले. आपल्या मुलांना या खुणा आपोआप उमगतीलच असं नाही. म्हणून त्या त्यांच्यापुढे मुद्दाम मांडाव्या लागतात. बरोबरीने एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) असेल आणि त्याचं औषध चालू असेल, तर त्याची वेळही डॉक्टरांशी तपासून घ्या. मेथिलफेनिडेट हे त्यासाठीचं औषध दिवसा उशिरा घेतलं तर झोप लांबते.

औषध सुरू करण्याआधी काय तपासून घ्यावं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. 'मला दुखतंय' हे न सांगू शकणारं मूल रात्री उठून रडतं आणि आपण त्याला झोपेचा त्रास म्हणतो.

सर्वांत आधी पोट. बद्धकोष्ठ या मुलांमध्ये फार आढळतो, आणि पोट रोज साफ होत असूनही आत मळ साठलेला असू शकतो. जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल, तर मूल झोपायलाच घाबरतं. रात्री ढुंगणाशी खाजवत असेल तर जंतांचं औषध कधी दिलं होतं ते आठवा. सुतासारखे बारीक जंत नेमके रात्रीच खाज आणतात. किडलेली दाढ, कानाचा संसर्ग, त्वचेची खाज यांचाही त्रास रात्रीच जास्त जाणवतो.

मग लोह. रोज दूधभात, दहीभात, पांढरी बिस्किटं एवढ्यावरच असलेल्या मुलांत लोह कमी असण्याची शक्यता मोठी. झोपताना पाय झाडणं, पाय चोळून मागणं, रात्रभर चुळबुळ या त्याच्या खुणा असू शकतात. इथे नुसतं हिमोग्लोबिन पाहून चालत नाही. ते ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी मागा. पायांच्या अशा अस्वस्थतेत फेरिटिन 50 च्या खाली असेल तर बरेच तज्ज्ञ लोह द्यायचा विचार करतात, जरी लॅबच्या कागदावर तो आकडा 'नॉर्मल' छापलेला असला तरी. ताप-सर्दी चालू असताना ही तपासणी करू नका. फेरिटिन तेव्हा उगाच वाढलेलं दिसतं. आणि लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका, शोषलं जात नाही.

तिसरं घोरणं. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतं, मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी ओली होते, तर अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल्स कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ तुमच्या वर्णनापेक्षा जास्त कामाला येतो.

चौथी गोष्ट अपस्मार, म्हणजे फिट्स. ऑटिझमबरोबर फिट्सचं प्रमाण जास्त असतं आणि काहींना त्या फक्त झोपेतच येतात. अंग ताठ होणं, एकाच लयीत झटके, तोंडातून लाळ, जीभ चावलेली, मध्येच थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका.

आमच्याकडे जेवणच साडेनऊला होतं. साडेआठला कसं झोपवणार?

नका झोपवू. साडेआठला लोळवून साडेअकरापर्यंत त्याच्याशी झगडलात, तर अंथरूण ही भांडणाची जागा आहे एवढंच तो शिकतो.

आधी आठवडाभर तो प्रत्यक्षात किती वाजता झोपतो ते लिहा. समजा साडेअकरा. मग त्याला अंथरुणावर न्यायचंच साडेअकराला. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागते असं सलग काही रात्री झालं, की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. तिथे बसली की आणखी पंधरा. हे सगळं एका अटीवर: सकाळी उठायची वेळ रोज तीच, रविवारीही. रात्री कधीही झोपला तरी सकाळी सातला पडदे उघडायचे. पहिला आठवडा जड जातो. रविवारी नऊपर्यंत झोपू दिलं की सोमवारची रात्र परत साडेअकरावर जाते, आणि घरोघरी हा बेत मोडतो तो इथेच.

उठल्यावर अंगावर ऊन पडू द्या. त्यासाठी वेगळा कार्यक्रम नको. दुधाची पिशवी आणायला बरोबर न्या.

जेवणाची वेळ बदलणं जमत नसेल तर मुलाचं ताट आधी वाढा. आणि आयटीतल्या आईबाबांसाठी खास: तुम्ही रात्री दहाला घरी येता आणि दिवसभर न भेटलेल्या लेकाला उचलून हवेत उडवता. यामागचं प्रेम समजतं, पण त्याने तासाभराची तयारी पाण्यात जाते. मस्ती सकाळी करा. रात्री फक्त थोपटायला बसा.

झोपेआधी नेमकं काय करायचं?

रोज त्याच चार-पाच गोष्टी, त्याच क्रमाने, अर्ध्या ते पाऊण तासात: सू-शी, दात, कपडे, एक गोष्ट किंवा अंगाई, दिवा बंद. त्यांचे फोटो भिंतीवर लावा. तुमच्याच घरातल्या ब्रशचा, तुमच्याच गादीचा फोटो. इंटरनेटवरची गोंडस चित्रं बऱ्याच मुलांना आपली वाटत नाहीत. अंघोळ केल्यावर मूल शांत होत असेल तर ती यात घ्या, चेकाळत असेल तर संध्याकाळी उरका.

मोबाइल तासभर आधी बंद. ज्या घरात मोबाइलशिवाय घास उतरत नाही तिथे हे एका रात्रीत होणार नाही. आधी जेवण अलीकडे घ्या, म्हणजे मोबाइलही आपोआप अलीकडे येईल. संध्याकाळचा चहा, मग तो बशीत ओतून दिलेला 'अगदी घोटभर' का असेना, बंद. कोला आणि चॉकलेटही दुपारीच संपवा. दुपारच्या एक ते चार या वेळेवरून पुण्याची थट्टा खूप झाली आहे, पण पाच वर्षांवरच्या मुलाला शाळेतून आल्यावर चार ते सहा झोपू दिलं तर रात्री अकराला त्याची सकाळ होते. थेरपीहून परतताना रिक्षात लागलेली डुलकीही यात मोजा.

आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो. वेगळं झोपवायला हवं का?

परदेशी पुस्तकांत मुलाची वेगळी खोली गृहीत धरलेली असते. वनबीएचके घरात आजी-आजोबांसह राहणाऱ्यांनी त्यावरून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. एकत्र झोपण्यात बिघडत काहीच नाही. अडचण होते ती मुलाला आईचा केस किंवा कान हातात धरल्याशिवाय झोपच लागत नसेल तेव्हा. रात्री मध्येमध्ये किंचित जाग सगळ्यांनाच येते. अशा मुलाला जाग आली की दर वेळी तोच कान पुन्हा लागतो आणि आईच्या झोपेचं खोबरं होतं.

मग अंतर हळूहळू वाढवा. आधी शेजारी पण स्पर्श न करता, मग गादीच्या कडेला बसून, मग खुर्चीत. केसांऐवजी तुमच्या जुन्या सुती साडीचा तुकडा हातात द्या. एकेका पायरीवर आठवडा गेला तरी चालेल. मात्र घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं; आईने खुर्चीत बसायचं आणि आजीने कुशीत घ्यायचं, असं झालं तर मूल आजीचीच वाट पाहील.

लाइट गेली की पंखा थांबतो आणि तो दचकून उठतो.

कारण पंख्याच्या घरघरीने बाकीचे आवाज झाकलेले असतात. पंखा इन्व्हर्टरवर घ्या. तो नसेल तर चार्जिंगवर चालणारा छोटा पंखा खोलीच्या कोपऱ्यात रोजच चालू ठेवा, म्हणजे वीज गेली तरी एक आवाज तसाच राहतो.

मेलाटोनिन द्यावं का? दुकानात त्याच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) मिळतात.

अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीने 2020 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. क्रम असा: आधी शरीरातली कारणं आणि चालू औषधं तपासा, मग झोपेच्या सवयींवर काम करा, तेवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन. सुरुवात 1 ते 3 मिलिग्रॅमने, झोपेआधी 30 ते 60 मिनिटं, आणि गरजेनुसार हळूहळू वाढ.

त्याचा उपयोग मुख्यतः झोप लवकर लागण्यासाठी होतो. रात्री दोनला येणारी जाग साध्या गोळीने थांबेलच असं नाही. त्यासाठी सावकाश विरघळणारा प्रकार असतो. युरोपात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अशी गोळी 2018 मध्ये मंजूर झाली. सकाळी सुस्ती, डोकेदुखी, विचित्र स्वप्नं असे त्रास काहींना होतात. वयात येण्याच्या काळात वर्षानुवर्षं दिल्यास काय होतं, यावरचा अभ्यास अजून तोकडा आहे, म्हणून दर काही महिन्यांनी गरज आहे का हे डॉक्टरांबरोबर पाहायचं.

गमीजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नकोत. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 25 गमी उत्पादनांची तपासणी झाली. लेबलवर लिहिलेल्याच्या 74 ते 347 टक्के इतकं मेलाटोनिन त्यांत सापडलं, आणि एकात तर ते अजिबातच नव्हतं. शिवाय चवीला ती गोळ्या-चॉकलेटसारखी; कपाट उघडता येणारं मूल डबा रिकामा करेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, एकाच कंपनीचं घ्या.

सर्दीचं सिरप दिलं की छान झोपतो. अधूनमधून चालेल?

नाही. गुंगी आणि झोप एक नव्हे. काही मुलं अशा औषधाने उलट चेकाळतात, आणि घोरणाऱ्या मुलाच्या श्वासाला ते धोक्याचं ठरू शकतं.

सासूबाई जायफळ उगाळून दुधातून देतात.

सहाणेवर एखादा वेढा उगाळलेलं जायफळ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या देत आले आहेत. तेवढ्याने अपाय होईल असं नाही. या मुलांची झोप सुधारते असा पुरावाही नाही. 'लागू पडत नाही' म्हणून चिमटीवरून चमच्यावर जाणं मात्र थांबवा. जास्त जायफळाने छातीत धडधड, बेचैनी, भास होऊ शकतात. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडे दुसरं काम सोपवा: रात्रीची गोष्ट त्यांनी सांगायची किंवा तळपायाला तेल लावायचं. घट्ट दाबून चोळलेलं काही मुलांना फार आवडतं. जे मूल पाय ओढून घेतं त्याच्यावर बळजबरी नको.

वजनदार ब्लँकेट घ्यावं का? बरंच महाग आहे.

ब्रिटनमधल्या 5 ते 16 वयाच्या मुलांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या ब्लँकेटने झोपेचे तास वाढले नाहीत. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. म्हणजे मूल दाबाने शांत होत असेल तर वापरा, झोपेचं औषध म्हणून विकत घेऊ नका. आणि आपल्याकडे चार साड्यांची जाड गोधडी असते की! आधी ती पांघरून पाहा. मुलाला स्वतःच्या हाताने बाजूला सारता आलं पाहिजे, तोंडावर येता कामा नये, आणि अगदी लहान मुलांना तर नकोच. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तसंही कुणी पांघरणार नाही.

गणपतीत काय करायचं?

त्रास दहा दिवसांचा नसतो. ढोल-ताशा पथकांचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, तेव्हा तयारीही तेव्हापासून. सरावाच्या वेळी कानावर हेडफोन, खिडक्या बंद, आणि शक्य असेल तर दिवसा दुरून ढोल दाखवून आणा. कशाचा आवाज आहे ते कळलं की काही मुलांची भीती निम्मी होते. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा नियम आहे, पण वर्षातले काही मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मध्य पेठांत राहणारी काही कुटुंबं तेवढ्यापुरती उपनगरातल्या नातेवाइकांकडे जातात. तसं करणार असाल तर मुलाची स्वतःची उशी, चादर आणि भिंतीवरचे फोटो बरोबर न्या.

मंडळाच्या कार्यकर्त्यांशी जाऊन बोलायला लाजू नका. स्पीकरचं तोंड दुसरीकडे वळवण्याइतकी माणुसकी बहुतेक मंडळांत असते.

रात्री दोनला उठते, हसत बसते, घरभर फिरते. तेव्हा काय करायचं?

मोठा दिवा लावायचा नाही, मोबाइल द्यायचा नाही, खायला काढायचं नाही आणि रागवायचंही नाही. कमीत कमी शब्दांत परत गादीवर. तिला झोप येत नसेल तर तिने गप्प पडून राहिलं तरी पुरे. हातात एखादं मऊ खेळणं चालेल. दोनला उठल्यावर कार्टून मिळतं हे एकदा कळलं, की दोनची जाग पक्की झाली म्हणून समजा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुरक्षितता. झोपण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मुख्य दाराला वरची कडी लावा, बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी बसवा, औषधं कुलपात ठेवा. तिच्या खोलीच्या दाराला एक घुंगरू बांधा.

शाळेची बस फार लवकर येते.

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय आहे. शाळेशी बोलताना तो हाताशी असू द्या.

मुलगा तेराचा झाला आणि बसलेली घडी विस्कटली.

वयात येताना शरीराचं घड्याळ सगळ्याच मुलांचं पुढे सरकतं. झोपेची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे न्यायची तयारी ठेवा, उठायची वेळ सांभाळा. याच वयात फिट्स नव्याने सुरू होण्याची शक्यताही असते, म्हणून वरची चौथी तपासणी विसरू नका.

पुण्यात कुणाला दाखवायचं, आणि जाताना काय न्यायचं?

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून करा. पुढे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ) किंवा मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर). खासगी खर्च झेपत नसेल तर ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. 0 ते 18 वयाच्या मुलांसाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याबद्दल तिथे विचारा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्यात ओपीडी व थेरपीचाही समावेश आहे.

बरोबर दोन आठवड्यांची नोंद न्या. साधी वही चालेल: अंथरुणावर कधी गेला, झोप कधी लागली, किती वेळा आणि किती वेळ उठला, सकाळी कधी उठला, दुपारची डुलकी, शौचाला झाली की नाही, संध्याकाळी काय खाल्लं. चालू औषधांची नावं वेळांसकट, त्यात घरचे काढे आणि गमीजही लिहा. घोरण्याचा किंवा पाय झाडण्याचा व्हिडिओ. आणि रात्री मुलाजवळ जो झोपतो तोच डॉक्टरांकडे यायला हवा. पुष्कळदा ती आजी असते, आणि तिलाच घरी ठेवून बाकीचे गेलेले असतात.